आगगाडीने वाटलेला मासा आणि उजाड झालेली सरोवरे

१/
मे १८७७. जर्मनीहून अटलांटिक महासागर ओलांडून आणलेले ३४५ मासे अमेरिकेतील बाल्टिमोर शहराच्या ड्रुइड हिल उद्यानातील तळ्यांत सोडण्यात आले. मत्स्यपालक रुडॉल्फ हेसेल यांची आधीची खेप समुद्रप्रवासातच दगावली होती. ही खेप मात्र जगली आणि तिने एका खंडाच्या सरोवरांचे रूप पालटले.

२/
हा मासा म्हणजे कॉमन कार्प. महाराष्ट्रातील मत्स्यशेतीत तो ‘सायप्रिनस’ या नावाने परिचित आहे. तो मूळचा युरोप व आशियातील. मध्य युरोपातील ख्रिस्ती मठांच्या तळ्यांत तो शतकानुशतके पाळला जात असे. काटक, झपाट्याने वाढणारा आणि मिळेल ते खाणारा अशी त्याची ख्याती होती.

३/
अमेरिकेला त्याची गरज का भासली? बंधारे, कारखान्यांचे सांडपाणी आणि बेसुमार मासेमारी यांमुळे तेथील देशी मासे घटत चालले होते. या घटीचा शोध घेण्यासाठी १८७१ मध्ये मत्स्य आयोग स्थापन झाला. त्याचे प्रमुख होते नामवंत निसर्गशास्त्रज्ञ स्पेन्सर बेअर्ड. कार्प हा त्यांना सुचलेला उपाय होता.

४/
खाजगी प्रयत्न त्याआधीही झाले होते. १८७२ मध्ये ज्युलियस पॉपे यांनी अवघे ५ जिवंत कार्प कॅलिफोर्नियातील सोनोमा येथे पोहोचवले होते. आता मात्र शासनयंत्रणाच पाठीशी उभी राहिली. राजधानी वॉशिंग्टनमध्ये, वॉशिंग्टन स्मारकाजवळच्या तळ्यांत, सरकारी पैदास सुरू झाली.

५/
मागणीचा पूर लोटला. शेतकरी आपल्या लोकप्रतिनिधीकडे अर्ज करीत आणि पिल्ले खास बांधलेल्या रेल्वेडब्यांतून रवाना होत. १८८३ मध्ये सुमारे २ लाख ६० हजार कार्प वाटले गेले. काँग्रेसच्या ३०१ मतदारसंघांपैकी २९८ मतदारसंघांत ते पोहोचले. लोकप्रतिनिधींच्या दृष्टीने मतदारांना खूश करण्याचा हा स्वस्त मार्ग होता.

६/
तळी शेतात होती, पण पाणी शेतात थांबत नाही. पुरांनी बांध फोडले. शिवाय अनेकांना या माशाची चव रुचली नाही. त्यांनी तळी ओढ्यांत रिकामी केली. एक मोठी मादी लाखो अंडी घालते. काही वर्षांतच कार्प नद्यांतून सरोवरांत शिरला.

७/
खरी हानी तळाशी घडत होती. कार्प गाळ तोंडात ओढतो, त्यातील अळ्या, किडे व बिया गिळतो आणि उरलेला चिखल बाहेर टाकतो. या उकरण्यात कोवळ्या पाणवनस्पती मुळासकट उपटल्या जातात. वनस्पती खाणे हा त्याचा मुख्य हेतू नसतो. अन्न शोधताना तो त्यांची जमीनच उसकटून टाकतो.

८/
येथून एक दुष्टचक्र सुरू होते. गढूळ पाण्यात सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचत नाही, म्हणून उरलेल्या वनस्पतीही मरतात. गाळातील फॉस्फरस पाण्यात मिसळून सूक्ष्म शैवाल माजते आणि पाणी हिरवट, अपारदर्शक होते. गाळ धरून ठेवणारी मुळे नसल्याने पुढे नुसत्या वाऱ्यानेही तळ ढवळला जातो.

९/
या वनस्पतींवर कोण जगत होते? कॅनव्हासबॅक नावाचे बदक व्हॅलिसनेरिया या पाणगवताचे कंद खाते. त्याच्या शास्त्रीय नावातही या गवताचे नाव आहे. अनिशिनाबे या मूळनिवासी समाजाच्या आहाराचा व श्रद्धेचा भाग असलेला रानभात, अर्थात ‘मनोमिन’, हादेखील उथळ पाण्याच्या गाळातच रुजतो.

१०/
तक्रारी वाढल्या, बदकांचे शिकारी त्यांत अग्रभागी होते. १९०५ मध्ये लिऑन कोल यांचा कार्पविषयीचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात नुकसान नाकारलेले नव्हते. मात्र खाद्य म्हणून असलेल्या मूल्याने ते भरून निघते, असा सूर होता. बेअर्ड १८८७ मध्येच निवर्तले होते. या वादाला उत्तर देण्यास ते उरले नव्हते.

११/
कॅनडातील हॅमिल्टन शहराजवळ, ऑन्टारियो सरोवराच्या पश्चिम टोकाला, कूट्स पॅराडाइज नावाची पाणथळ आहे. बदकांच्या शिकारीत रमणाऱ्या कॅप्टन थॉमस कूट या ब्रिटिश अधिकाऱ्यावरून तिला हे नाव पडले. १९८५ पर्यंत तिचे सुमारे ८५ टक्के वनस्पती आच्छादन नाहीसे झाले होते.

१२/
दोष एकट्या कार्पचा नव्हता. शहराचे सांडपाणी, वाहून येणारी माती आणि सरोवराच्या पाणीपातळीचे कृत्रिम नियमन हीदेखील कारणे होती. परंतु पाणी सुधारले तरी, कार्प तळ उकरत असेपर्यंत नवे रोप तग धरणार कसे? म्हणून १९९० च्या दशकात कालव्याच्या मुखाशी ‘फिशवे’ हा अडथळा उभारण्यात आला.

१३/
त्याच्या गजांतून लहान मासे ये-जा करतात. मोठे मासे पिंजऱ्यांत अडकतात. कर्मचारी ते हाताने निवडतात: देशी मासे पाणथळीत, कार्प परत बंदराच्या पाण्यात. कार्पची संख्या घटल्यावर वनस्पती काही भागांत पुन्हा रुजू लागल्या. २०१७ मध्ये मात्र ऑन्टारियो सरोवराची पातळी विक्रमी वाढली, कार्प आत शिरले आणि कमावलेले पुष्कळसे गमावले गेले.

१४/
भारतात हा मासा १९३९ मध्ये श्रीलंकेतून निलगिरीत आणला गेला. हेतू तोच होता: अन्नाची सोय. मत्स्यशेतीच्या बंदिस्त तळ्यात तो आजही अनेकांची उपजीविका चालवतो.

१५/
म्हणूनच ही कथा एखाद्या खलपुरुषाची नाही. बेअर्ड विद्वान होते आणि अर्ज करणारे शेतकरी गरजू होते. मासा किती वेगाने वाढतो, हे साऱ्यांनी पाहिले. तो ज्या तळावर चरतो, तेथे काय उगवते, हे फार थोड्यांनी विचारले. तो प्रश्न न विचारल्याची किंमत हॅमिल्टनमधील कर्मचारी आजही एकेक मासा निवडून चुकवत आहेत.