टावर चौकातील होळकर संघ



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते फ्रीगंजातील टावर चौकात संध्याकाळी जमणाऱ्या मंडळींपैकी एक होते. माझे काकाही त्या बैठकीत असत. घड्याळाच्या मनोऱ्याखाली दिवे लागले की पोस्टातले कारकून, शाळामास्तर, कापडाचे दुकानदार असे आठ-दहा जण एकत्र येत. बोलण्याची सुरुवात महागाईने होई; शेवट मात्र ठरलेला असे, होळकर संघाने. मी त्या संघाचा एकही सामना पाहिलेला नाही. तो संघ संपला तेव्हा मी अगदी लहान होतो. माझ्याजवळ आहे ती वारशाने आलेली आठवण.

प्रथम नोंदीतला इतिहास सांगतो. इंदूरच्या होळकर दरबाराने १९२३ साली नागपूरच्या सी. के. नायडू यांना बोलावून घेतले व आपल्या सैन्यात अधिकारपद दिले. १९३२ साली हेच नायडू भारताचे पहिले कसोटी कर्णधार झाले. १९४१-४२ पासून होळकर या नावाने संघ रणजी स्पर्धेत उतरू लागला. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत तो दहा वेळा अंतिम सामन्यात पोहोचला आणि चार वेळा विजेता ठरला : १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३. पहिल्या विजयाच्या वेळी बडोद्याविरुद्ध नायडूंनी २०० धावा काढल्या. तेव्हा त्यांनी वयाची पन्नाशी पूर्ण केली होती. त्याच हंगामात म्हैसूरविरुद्ध होळकर संघाने आठ बाद ९१२ धावा उभारल्या. भांडारकर, सरवटे, जगदाळे, नायडू, निंबाळकर आणि प्रतापसिंह अशा सहा जणांनी एकाच डावात शतके झळकावली.

आता टावर चौकातला इतिहास. तिथे ही सहा नावे पाढ्यासारखी म्हटली जात. चंदू सरवटे यांनी १९४६ साली ओव्हल मैदानावर सरेविरुद्ध बॅनर्जींच्या साथीने शेवटच्या जोडीसाठी २४९ धावांची भागीदारी केली, ती भारतीय संघाकडून. पण चौकाच्या हिशेबात ती होळकर संघाच्याच खात्यावर जमा होती. भाऊसाहेब निंबाळकरांच्या नाबाद ४४३ धावांचेही तसेच. त्या त्यांनी १९४८ च्या डिसेंबरात पुण्यात, महाराष्ट्राकडून खेळताना काठेवाडविरुद्ध काढल्या होत्या. चौकाने त्याही आपल्याच मानल्या. मुश्ताक अलींनी १९३६ साली मँचेस्टरला काढलेले ११२ तर घरच्या मुलाच्या कौतुकासारखे सांगितले जात.

काकांची लाडकी आठवण डेनिस कॉम्प्टन या इंग्रज खेळाडूची होती. "अरे, यशवंत क्लबच्या मैदानावर मी त्याला डोळ्यांनी पाहिलाय. अडीचशेला एक कमी, आणि शेवटपर्यंत नाबाद!" असे ते हात उंचावून सांगत.

१९७८ च्या सुमाराची गोष्ट. मी नुकताच पीएच. डी. झालेला तरुण प्राध्यापक होतो आणि पुराव्यावाचून बोलणे हे मला पाप वाटे. जुन्या वृत्तपत्रांतून मी त्या सामन्याची माहिती काढली आणि एका संध्याकाळी भर बैठकीत म्हणालो, "काका, तो सामना मुंबईला ब्रेबॉर्नवर झाला, १९४५ साली. तुम्ही तेव्हा मुंबईला गेला नव्हता. शिवाय होळकर संघ तो ३७४ धावांनी हरला." मंडळी हसली. काका हसले नाहीत. ते त्यानंतर दहा वर्षे जगले, परंतु कॉम्प्टनचे नाव त्यांच्या तोंडून मला पुन्हा ऐकू आले नाही.

काही वर्षांनी वाचनात आले की महायुद्धाच्या काळात कॉम्प्टन लष्करी नोकरीनिमित्त महूच्या छावणीत होते. महू इंदूरपासून हाकेच्या अंतरावर. तेव्हा काकांनी त्यांना इंदूरला खरोखरच पाहिले असणे अगदी शक्य होते. पाहिलेला खेळाडू आणि वाचलेला डाव यांची मनात गाठ पडली, एवढेच. पण विचारायला काका उरले नव्हते. मी एक चूक दुरुस्त केली आणि तिच्याबरोबर एक साक्ष कायमची गमावली. गुरुजी त्या दिवशी बैठकीत होते. घरी परतताना ते मला एवढेच म्हणाले होते, "आधी लिहून घ्यायचं असतं, मग तपासायचं."

मित्रहो, या चुकांकडे मी आज निराळ्या दृष्टीने पाहतो. उज्जैन हे शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानातले गाव. होळकरांशी या गावाचे राजकीय नाते नव्हते. तरीही पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरचा तो संघ येथील लोकांनी 'आपला' म्हटला. त्याच काळी मुंबईची पंचरंगी स्पर्धा धर्मावर विभागलेली होती. तिथे नायडू हिंदूंकडून खेळत आणि मुश्ताक अली मुसलमानांकडून. ती स्पर्धा १९४५-४६ नंतर बंद पडली. इंदूरला मात्र हे दोघे एकाच संघातून, एकाच नावाखाली मैदानात उतरत. टावर चौकातल्या बैठकीत मी मुश्ताक अलींचा धर्म कधी कोणी काढलेला ऐकला नाही. दुसऱ्याच्या खात्यातील धावा आपल्या खात्यावर मांडणारी ती माणसे हिशेबात चुकत होती. आपले कोण, हे ओळखण्यात चुकत नव्हती.

१९४८ साली मध्यभारत झाले, संस्थान गेले. संघाचे नाव आणखी काही वर्षे टिकले. १९५५ साली इंदूरलाच मद्रासने ४६ धावांनी हरवले आणि होळकर हे नाव स्पर्धेतून उठले. संस्थान गेल्याचा शोक मी चौकात ऐकला नाही, संघ गेल्याचा मात्र वर्षानुवर्षे ऐकला. अखेर २६ जून २०२२ रोजी बंगळूरला मध्य प्रदेशाने मुंबईला सहा गडी राखून हरवले व प्रथमच रणजी करंडक मिळवला. प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित; १९९८-९९ मध्ये याच मैदानावर मध्य प्रदेशाचे कर्णधार म्हणून ते अंतिम सामना हरले होते. होळकर संघाच्या शेवटच्या विजयाला तेव्हा एकोणसत्तर वर्षे झाली होती. त्या संध्याकाळी मी मुद्दाम टावर चौकात गेलो. जुन्या बैठकीतले कोणीही नव्हते. सहा नावांचा पाढा मी मनातल्या मनात म्हटला.

विद्यार्थ्यांनो, तुमच्या घरी आजोबा-आजी असतील. त्यांनी पाहिलेले सामने, मिरवणुका, पूर, पहिली आगगाडी, जे काही ते सांगतील ते सनावळीची चूक न काढता प्रथम उतरवून घ्या. तपासणीला पुढे आयुष्य पडले आहे. सांगणाऱ्याजवळ तेवढा वेळ नसतो. गुरुजींच्या स्मृतीला मी एवढेच अर्पण करू शकतो.