कापरेकरांची एकांची माळ

वावर, जव्हार, मोखाडा हा डोंगरपट्टा मागे टाकून समुद्राकडे उतरले की डहाणू लागते. गणिती दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म तिथला, १९०५ चा. फर्ग्युसनमध्ये शिक्षण झाले आणि १९३० ते १९६२ देवळालीत शिक्षकी. ६१७४ या स्थिरांकामुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. आम्हां मराठी शिकवणाऱ्यांना मात्र त्यांच्या 'डेम्लो' संख्या अधिक जवळच्या वाटतात.

११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१. नऊ एकांपर्यंत ही चढउतार अखंड चालते. 'डेम्लो' हे नाव डोंबिवली स्थानकावरून आलेले. उलटसुलट सारखे वाचता येणारे हे आकडे पाहून विलोमपदांची आठवण होणारच.

मम्मटाने चित्रकाव्याला खालची पायरी दिली, कारण त्यात चमत्कृती अक्षरांची. कापरेकरांच्या संख्यांनाही विद्यापीठीय गणितात बराच काळ असाच न्याय मिळाला. आक्षेप निराधार नव्हता: हे गुण संख्येचे नव्हेत, दशमान लेखनाचे. याउलट मूळ संख्येचे मूळपण लिपीवर अवलंबून नसते. तेरा कोणत्याही पद्धतीने लिहा, तिचे भाग पडत नाहीत. १९७५ साली मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये कापरेकरांवर लिहिले तेव्हा जगाचे लक्ष गेले, पण आक्षेप जागीच राहिला.

नुसत्या एकांच्या माळेत मात्र या दोन गोष्टी भेटतात. सहा एकांची संख्या १११ × १००१ अशी फुटते. म्हणजे एकांची मोजदाद विभाज्य असेल तर माळही विभाज्य. मोजदाद मूळ असूनही भागत नाही: १११ म्हणजे ३ × ३७, आणि पाच एक म्हणजे ४१ × २७१. ११ नंतरची पहिली मूळ माळ थेट १९ एकांची, ११११११११११११११११११११ नव्हे, (मोजताना आमचीही एकदा चूक झाली) तर १११११११११११११११११११. मग २३ एकांची, आणि त्यानंतर एकदम ३१७ एकांची! १०३१ एकांच्या माळेची सिद्धता १९८६ साली प्रसिद्ध झाली. कापरेकरांचे निधनही त्याच वर्षीचे. ४९,०८१ एकांची माळ १९९९ पासून केवळ 'संभाव्य' होती, तिला सिद्धता लाभली २०२२ मध्ये.

आता लेखनपद्धतीच बदलून पाहू. द्विमान पद्धतीत, जिथे ० आणि १ हे दोनच अंक, एकोणीस एक म्हणजे आपले ५,२४,२८७. तीही मूळ संख्या. द्विमानातल्या अशा माळांनाच गणितात मर्सेन संख्या म्हणतात, आणि मोठ्या मूळ संख्यांचा शोध मुख्यतः त्यांच्यातच घेतला जातो. ऑक्टोबर २०२४ मध्ये तोवरची सर्वांत मोठी मूळ संख्या जाहीर झाली. दशमानात तिचे ४,१०,२४,३२० अंक होतात आणि त्यांच्यात डोळ्यांना कसलीच रचना दिसत नाही. द्विमानात लिहिली तर ती १३,६२,७९,८४१ एकांची माळ आहे, मध्ये एकही शून्य नसलेली.