आर्थर-कथेची पुनर्कथने : मूळ आणि प्रक्षेप

मध्ययुगीन आख्यायिकांची आधुनिक पुनर्कथने हा साहित्येतिहासात काहीसा उपेक्षित राहिलेला विषय आहे. अभ्यासकाचा ओढा स्वाभाविकपणेच मूळ संहितेकडे असतो आणि नंतरचे प्रत्येक कथन म्हणजे मुळाची झीज, असे तो गृहीत धरतो. ज्या कथेचे मूळच हाती लागत नाही, तिच्या बाबतीत ही भूमिका कितपत टिकते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी ब्रिटनमधील आर्थर राजाची कथा निवडली आहे. कारण सुमारे बारा शतके ती लिहिली जात असून एकविसाव्या शतकातही तिची नवी कथने वाचली जातात.

आर्थर ही ऐतिहासिक व्यक्ती होती काय, याचा निर्णय उपलब्ध साधनांवरून होत नाही. सहाव्या शतकात गिल्डास याने ब्रिटन आणि सॅक्सन यांच्या संघर्षाचे वर्णन केले. त्यात आर्थरचे नाव नाही. इ. स. ८२९-३० च्या सुमारास वेल्समध्ये रचलेल्या ‘हिस्टोरिया ब्रिटोनम’ या लॅटिन ग्रंथात तो सॅक्सनांविरुद्ध बारा लढाया जिंकणारा सेनानी म्हणून अवतरतो. त्याला दिग्विजयी सम्राटाचे रूप दिले ते जेफ्री ऑफ मॉन्मथ याने, ११३८ च्या सुमारास.

परंतु आर्थरचे नाव निघताच सामान्य वाचकाला जे आठवते, त्यातील बरेचसे जेफ्रीतही नाही. गोलमेजाचा पहिला उल्लेख ११५५ मध्ये वास या कवीच्या फ्रेंच काव्यात येतो. लान्सलॉट आणि राणी ग्विनिव्हिअर यांचे प्रेम, तसेच ‘ग्रेल’ नामक गूढ पात्र, ही दोन्ही बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रेतियाँ द त्रवा याने कथेत आणली. ते पात्र ख्रिस्ताच्या अखेरच्या भोजनातील होय, ही कल्पना त्याहूनही नंतरची; ती १२०० च्या सुमारास रोबेर द बोराँ याने जोडली. पाठचिकित्सेच्या परिभाषेत यांना प्रक्षेप म्हणावे लागेल. हे प्रक्षेप वगळले, तर हाती राहते ती लढायांची यादी. कथा राहत नाही.

या प्रवासाची खूण शब्दांवरही उमटली आहे. आर्थरच्या तलवारीचे वेल्श नाव ‘कालेद्वुल्ख’. जेफ्रीच्या लॅटिनमध्ये ते ‘कालिबर्नस’ झाले आणि पुढे फ्रेंचमधून ‘एक्सकॅलिबर’ या रूपाने इंग्रजीत स्थिरावले. नावाप्रमाणेच कथाही प्रत्येक भाषेत नव्याने घडली.

इंग्रजीत तिला स्थिर रूप दिले टॉमस मॅलरी याने. फ्रेंच व इंग्रजी साधनांच्या आधारे त्याने १४६९-७० मध्ये आपला गद्यग्रंथ पूर्ण केला. तो स्वतःला बंदिवान सरदार म्हणवतो. इंग्लंडमध्ये राजघराण्यांतील यादवी चालू असतानाचा हा काळ आहे. त्याच्या कथनाचा गाभा असा : लान्सलॉट राजाशीही एकनिष्ठ आहे आणि राणीवरही त्याचे प्रेम आहे. राणीला चितेपासून सोडविताना त्याच्या हातून गवेनचे दोन निःशस्त्र भाऊ अजाणता मारले जातात. गवेनला सूड आवरत नाही, राजाला गवेनचे मन मोडवत नाही, आणि राज्य आतूनच कोसळते. या पेचाला मॅलरी उत्तर देत नाही. नंतरचे कथनकार याच पेचाकडे पुन्हापुन्हा वळले, यावरून कथेच्या आकर्षणाचे स्थान दिसून येते.

विल्यम कॅक्स्टन याने १४८५ मध्ये हा ग्रंथ छापला. १९३४ मध्ये विंचेस्टर येथील विद्यालयात त्याचे हस्तलिखित सापडले, तेव्हा कॅक्स्टनने आपल्या आवृत्तीत एका भागाचा बराच संक्षेप केल्याचे उघड झाले. जी संहिता साडेचार शतके ‘मूळ’ मानली गेली, तीही संपादकाच्या हाताने बदललेली होती.

आधुनिक लेखकांनी हाच व्यवहार पुढे चालविला. टेनिसन यांनी १८५९ ते १८८५ या काळात रचलेल्या ‘इडिल्स ऑफ द किंग’ मध्ये राजा निष्कलंक आहे आणि दोषाचा मोठा भार राणीवर पडतो. व्हिक्टोरियन कुटुंबनीतीने पेच सोडविला, पण कथेतील समतोल ढळला. मार्क ट्वेन यांनी १८८९ मध्ये एका अमेरिकन यंत्रज्ञाला आर्थरच्या दरबारी पाठविले. त्या उपहासाचा शेवट यांत्रिक संहारात होतो. टी. एच. व्हाइट यांची पहिली कादंबरी १९३८ ची. पुढील भाग महायुद्धाच्या छायेत लिहिले गेले आणि १९५८ मध्ये सर्व एकत्र प्रसिद्ध झाले. बळाचा उपयोग न्यायासाठी करता येतो काय, हा तेथे आर्थरचा प्रश्न आहे. मॅरियन झिमर ब्रॅडली यांनी १९८३ मध्ये तीच हकिकत स्त्रियांच्या दृष्टीने सांगितली.

या परंपरेत एक विसंगती मात्र दीर्घकाळ झाकलेली राहिली. सॅक्सनांशी लढणारा हा ब्रिटन वीर पुढे त्याच सॅक्सनांच्या वंशजांचा, म्हणजे इंग्रजांचा, आदर्श राजा ठरला. सातव्या हेन्रीने १४८६ मध्ये विंचेस्टर येथे जन्मलेल्या आपल्या ज्येष्ठ पुत्राचे नाव आर्थर ठेवले, तेव्हा जुन्या नावाने नव्या राजवंशाला प्रतिष्ठा दिली. काझुओ इशिगुरो यांनी २०१५ च्या ‘द बरीड जायंट’ या कादंबरीत नेमक्या या विसंगतीवर बोट ठेवले. आर्थरनंतर ब्रिटन व सॅक्सन शेजारी नांदत आहेत, कारण एका मादी ड्रॅगनच्या निःश्वासाचे धुके पूर्वीच्या कत्तलींची आठवण पुसून टाकीत आहे. वृद्ध गवेन तिचे रक्षण करतो. स्मृती परतली तर सूडही परतेल. विस्मृतीवर उभी असलेली शांती टिकवावी काय, हा प्रश्न वाचकापुढे उरतो. बारा लढायांचा जयघोष करणाऱ्या लॅटिन ग्रंथात पराभूतांचा विचार नव्हता. तो या नव्या कथनाने केला.

या विवेचनावरून असे म्हणता येईल की, आर्थर-कथेत मूळ आणि पुनर्कथन हा भेद कालक्रमाचा आहे. तो श्रेष्ठ-कनिष्ठतेचा मानता येत नाही. याचा अर्थ सर्व पुनर्कथने समान योग्यतेची आहेत, असा नव्हे. जे कथन कथेतील पेच जिवंत ठेवते ते टिकते. जे त्याला घाईने उत्तर देते ते आपल्या काळाचा दस्तऐवज बनून राहते. संहितेची शुद्धी करणाऱ्याने प्रक्षेप अवश्य वेगळे काढावेत. मात्र कथेचा इतिहास लिहिणाऱ्याने ते टाकून देऊ नयेत, कारण तो इतिहास मुख्यतः त्यांतच साठलेला आहे.