मंगल परिणय आपला वाटावा म्हणून : विधी, प्रतिज्ञा आणि नोंदणी

लग्न ठरले की घरात आधी हॉल, जेवण आणि फोटोग्राफरची चर्चा होते. विधीचा विषय सर्वांत शेवटी निघतो आणि ‘ते बौद्धाचार्य बघून घेतील’ एवढ्यावर मिटतो. मग लग्नाच्या दिवशी माईकवरून गाथा होतात, प्रतिज्ञा घाईघाईत उरकल्या जातात आणि लोक जेवणाकडे वळतात. आपल्या लग्नात काहीतरी आपले असावे, असे वाटणाऱ्या तरुण-तरुणींना आमचे सांगणे आहे : ते सजावटीत शोधण्याआधी विधीत शोधा. आपला विधी लहान आहे, मोकळा आहे. त्यात जोडप्यासाठी भरपूर जागा आहे.

बाबासाहेबांनी सांगितलेली पद्धत

४ डिसेंबर १९५६ च्या एका पत्रात, म्हणजे महापरिनिर्वाणाच्या दोनच दिवस आधी, बाबासाहेबांनी बौद्ध विवाहाची पद्धत मोजक्या ओळींत लिहिली. होम नाही, सप्तपदी नाही. वधू-वरांच्या मध्ये पाण्याने काठोकाठ भरलेले नवे मातीचे मडके, त्या पाण्यात सोडलेला सुती धागा आणि त्याचे एकेक टोक दोघांच्या हाती. कोणीतरी मंगलसुत्त म्हणावे. दोघांची वस्त्रे पांढरी असावीत. बस्स.

आज बहुतेक ठिकाणी त्रिसरण-पंचशील, बुद्धपूजा, प्रतिज्ञा, पुष्पहार आणि जयमंगल अष्टगाथा असा क्रम असतो. तुमच्या भागात मडके आणि धागा मागे पडला असेल, तर तो पुन्हा आणा. मडके गावातल्या कुंभाराकडून घ्या. लग्नानंतर तेच नव्या घरात पिण्याच्या पाण्यासाठी ठेवा. धाग्याची टोके दोन्हीकडच्या आयांनी मुलांच्या हाती द्यावीत. आई विधवा असेल, तर तिने आवर्जून द्यावीत. हळदीला किंवा ओवाळायला विधवा बाईला मागे बसवण्याची रीत अजूनही काही घरांत चालते. धम्मात तिला आधार नाही. ती मोडायला लग्नमंडपापेक्षा चांगली जागा कोणती?

अष्टगाथेचा अर्थ पोचवा

जयमंगल अष्टगाथेत बुद्धांचे आठ विजय आहेत : मार, आळवक यक्ष, नालागिरी हत्ती, अंगुलिमाल, चिंचा, सच्चक, नंदोपनंद नाग आणि बक ब्रह्मा. यातला एकही विजय शस्त्राचा नाही. क्षमा, मैत्री, संयम आणि प्रज्ञेच्या बळावर ते मिळाले. मंडपातल्या बहुतेकांना पाली कळत नाही, म्हणून हा आशय हवेतच राहतो. सोपा उपाय आहे. प्रत्येक गाथेनंतर मराठीत दोन वाक्यांत अर्थ सांगायचा आणि त्यासाठी आठ माणसे निवडायची : आजी, मामा, आत्या, शाळेतल्या बाई, एखादी मैत्रीण. वाचता न येणाऱ्या आजीला आठवडाभर आधी अर्थ सांगून ठेवा; ती तिच्या शब्दांत सांगेल आणि तेच लोकांच्या लक्षात राहील.

प्रतिज्ञा : वाचा, समजून घ्या, मग म्हणा

वधू-वरांच्या प्रतिज्ञांचा आधार दीघ निकायातले सिगालोवाद सुत्त हा आहे. राजगृहात सहा दिशांना नमस्कार करणाऱ्या सिगाल नावाच्या तरुणाला बुद्धांनी दिशांचा नवा अर्थ सांगितला. त्यात पश्चिम दिशा म्हणजे पत्नी. पतीची पाच कर्तव्ये अशी : तिचा सन्मान करणे, तिला कमी न लेखणे, एकनिष्ठ राहणे, तिला अधिकार देणे, तिला अलंकार देणे. पत्नीचीही पाच : कामाची नीट व्यवस्था, परिजनांशी आपुलकी, एकनिष्ठा, मिळकतीचे रक्षण, कामात कौशल्य आणि तत्परता.

बौद्धाचार्यांकडून प्रतिज्ञांचा मजकूर आठ दिवस आधी मागून घ्या आणि दोघांनी एकत्र बसून वाचा. आज दोघेही कमावतात, तेव्हा मिळकतीचे रक्षण एकटीने का करायचे? घरकामाची व्यवस्था तिच्याच वाट्याला का? ही दहाही कर्तव्ये दोघांनी म्हणावीत, असे आम्हाला वाटते. ‘अधिकार देणे’ याचा आजचा अर्थही ठरवा : घर दोघांच्या नावावर, खाते दोघांचे, नोकरी आणि आडनावाचा निर्णय तिचा. शेवटी प्रत्येकाने स्वतःचे एक वाक्य जोडावे. ते छोटे असावे आणि पाळता येईल असे असावे.

पत्रिका, आहेर, गाणी

मुहूर्त आणि कुंडली आपल्याकडे नाही, त्यामुळे पाहुण्यांना सोयीचा दिवस निवडा, पत्रिकेत वेळ छापा आणि ती पाळा. आहेराऐवजी वह्या-पुस्तके आणण्याची विनंती करता येते. जमलेली पुस्तके वस्तीतल्या वाचनालयात द्या. अक्षतांऐवजी फुलांच्या पाकळ्या वापरा, तांदूळ पायदळी जायला नको. डीजेवर हजारो रुपये घालवण्यापेक्षा गावातली गायन पार्टी बोलवा. वामनदादा कर्डकांची गाणी लग्नात म्हटली जावीत यासारखा मान नाही. आणि हुंडा कोणत्याही नावाने, कोणत्याही रूपात घेऊ नका. १९६१ च्या कायद्याने देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार ठरतात.

नोंदणी विसरू नका

हिंदू विवाह कायदा, १९५५ बौद्धांनाही लागू आहे. त्याच्या कलम ७ नुसार वधू किंवा वर यांच्यापैकी एकाच्या रूढीप्रमाणे विधी व्हावा लागतो. विधी न करता नुसता दाखला काढला, तर या कायद्याखाली लग्न वैध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये स्पष्ट केले. ‘आधी कागद करून ठेवू, लग्न नंतर लावू’ हा बेत म्हणूनच धोक्याचा आहे. वाद झाला की त्याचा फटका बहुधा मुलीलाच बसतो. विधीचे फोटो, लग्नपत्रिका, बौद्धाचार्यांचे प्रमाणपत्र आणि तीन साक्षीदारांची कागदपत्रे हाताशी ठेवा आणि नोंदणी लगेच करा.

जोडीदार दुसऱ्या धर्माचा असेल, तर विशेष विवाह कायदा, १९५४ आहे. त्यात ३० दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार लागतात. त्यानंतर मंगल परिणयाचा सोहळाही करता येतो. बाबासाहेबांचा १९४८ चा दुसरा विवाहही नोंदणी पद्धतीनेच झाला होता.

एवढी तयारी करायला पैसा लागत नाही. दोन संध्याकाळी, एक वही आणि बौद्धाचार्यांशी मोकळे बोलणे पुरेसे आहे.