अँड्रॉइड अॅपमधला ‘कॉन्टेक्स्ट’ म्हणजे काय?

फोन दोन-चार वेळा आडवा-उभा केला की एखादं अॅप जड होतं आणि मग अचानक बंद पडतं. दोष दर वेळी फोनचा नसतो. कधी कधी अॅप लिहिणाऱ्याने ‘कॉन्टेक्स्ट’ चुकीच्या हाती दिलेला असतो.

अँड्रॉइडमध्ये स्क्रीनवरचं बटण, मजकूर, चित्र या सगळ्यांना ‘व्ह्यू’ म्हणतात. व्ह्यू तयार करताना त्याला कॉन्टेक्स्ट द्यावाच लागतो. रंग कोणता, अक्षरं केवढी, मजकूर मराठीत की इंग्रजीत, हे व्ह्यूला स्वतःला ठाऊक नसतं. तो कॉन्टेक्स्टला विचारतो. गावात नवा माणूस दिसला की “कोणाकडे आलात?” असं विचारतात, तसंच हे.

कॉन्टेक्स्ट मुख्यतः दोन प्रकारचे. अॅक्टिव्हिटीचा कॉन्टेक्स्ट एका स्क्रीनपुरता असतो आणि त्या स्क्रीनची थीम त्याच्याकडे असते. अॅप्लिकेशनचा कॉन्टेक्स्ट अॅप चालू असेपर्यंत टिकतो, पण त्याला स्क्रीनची थीम माहीत नसते. त्यामुळे तो व्ह्यूला दिला तर रंगरूप बिघडू शकतं. साध्या डायलॉगला दिला तर अॅप बहुधा क्रॅशच होतं.

उलटी चूक जास्त छुपी. फोन फिरवला की अँड्रॉइड सहसा जुनी अॅक्टिव्हिटी मोडून नवी बांधतं. पण एखाद्या स्टॅटिक व्हेरिएबलने जुनीला धरून ठेवलं असेल, तर तिची मेमरी मोकळी होत नाही आणि तिच्यासोबत सगळे व्ह्यूही अडकून राहतात. यालाच मेमरी लीक म्हणतात. गूगलमधले अभियंते रोमां गी यांनी जानेवारी 2009 मध्ये याचं नेमकं उदाहरण दिलं होतं. वेग वाढवण्यासाठी पार्श्वभूमीचं चित्र स्टॅटिक ठेवलं. चित्राने मजकुराचा व्ह्यू धरला, व्ह्यूने अॅक्टिव्हिटी. कोडमध्ये कॉन्टेक्स्ट साठवल्याचं कुठेच दिसत नव्हतं, तरी तेव्हा गळती व्हायची! तेव्हाच्या जी१ फोनवर एका अॅपला जेमतेम 16 एमबी मेमरी मिळे.

म्हणून व्ह्यूला अॅक्टिव्हिटीचा कॉन्टेक्स्ट द्यावा आणि डेटाबेससारख्या दीर्घकाळ टिकणाऱ्या गोष्टींना अॅप्लिकेशनचा. यादी दाखवणाऱ्या अॅडॉप्टरला तर वेगळा देण्याची सहसा गरज नसते, तो पालक व्ह्यूकडूनच मिळतो. गळती शोधायला स्क्वेअर कंपनीचं मोफत ‘लीककॅनरी’ हे साधन 2015 पासून उपलब्ध आहे.