आपल्या कालव्यात नाव का नाही?

इंग्लंडच्या कालव्यांवरच्या अरुंद नावांचे व्हिडिओ हल्ली आपल्याकडेही आवडीने बघितले जातात. चालत्या माणसाएवढा वेग, छपरावर कुंड्या, आत चिमुकलं स्वयंपाकघर. मग नाशिककराला वाटतं, आपल्याकडे एवढे कालवे, त्यात नाव का नाही?

उत्तर गोदावरीच्याच दोन टोकांना सापडतं. आपल्याकडे नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून दोन्ही काठांचे कालवे निघतात, कोपरगाव-राहात्याकडे जातात. ते शेतीसाठी काढलेले. पाणी आवर्तनाने सुटतं. आवर्तन संपलं की तळ उघडा पडतो. नावेला मात्र रोज पाणी लागतं, आणि तेही संथ.

खाली आंध्रात सर आर्थर कॉटनने धवळेश्वरम् इथे 1847 ते 1852 या काळात बंधारा बांधला. तिथल्या कालव्यांनी शेतीबरोबर वाहतूकही सांभाळली. जमीन सपाट. जिथे पातळी बदलते तिथे लॉक, म्हणजे दोन दरवाजांमधला हौद: नाव आत घ्यायची, पाणी भरायचं किंवा सोडायचं, की नाव वरच्या किंवा खालच्या पातळीला जाते. वारा असला तर शीड, नसला तर माणसं काठाने चालत दोराने नाव ओढायची. भात जायचा, प्रवासी जायचे. रात्री नावेतच झोपायचं, सकाळी पुढचं गाव. उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी कालवा बंद झाला की सगळं ठप्प.

कॉटनचं स्वप्न आपल्या विदर्भापर्यंत आलं होतं, बरं का! वर्धा, प्राणहिता, गोदावरी या मार्गाने कापूस थेट पूर्व किनाऱ्याला न्यायचा. पण वाटेत खडकाळ पट्टे, आणि पुरेसं पाणी वर्षातले काही महिनेच. तेवढ्यात 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, कापूस मुंबईकडे वळला. 1871 मध्ये ते काम सोडून दिलं गेलं.

रेल्वेने इंग्लंडमध्ये वेगळाच परिणाम केला. भाडी पडली. वेगळं घर आणि पगारी मदतनीस परवडेनात, म्हणून अनेक नावाड्यांनी बायकापोरं नावेवरच आणली. सुमारे सात फूट रुंद नाव, मागे दहाएक फुटांची खोली; त्यातच चूल, बिछाना, बाळंतपण. पोरांची शाळा बुडायची, कारण नाव थांबली तर कमाई थांबली. आज ज्याला आपण निवांत प्रवास म्हणतो, तो तेव्हा काटकसरीचा संसार होता.

म्हणून आपल्या कालव्यात नाव नाही याची खंत करताना एक लक्षात ठेवू. टंचाईच्या वर्षी वरच्या धरणांतून जायकवाडीला किती पाणी सोडायचं, यावरून नाशिक-नगर आणि मराठवाडा समोरासमोर येतात. अशा नदीत केवळ नाव तरंगावी म्हणून कालवा बारमाही भरून ठेवायचा, तर ते पाणी कोणाच्या वाट्यातून काढायचं? पर्यटनाची स्वप्नं रंगवताना हा हिशेब आधी मांडायला हवा.