गर्भलिंगनिवड : महाराष्ट्रातील आकडे, कायदा आणि अनिवासी मराठी कुटुंब

मुहैस्नाह (दुबई) : संयुक्त अरब अमिरातीत गरोदरपणाच्या सोनोग्राफीच्या वेळी पोटातले बाळ मुलगा आहे की मुलगी, हे डॉक्टरांनी सांगण्यास मनाई नाही. मुहैस्नाहमधील सोनापूर वसाहतीतला कामगार असो वा दुबईच्या कार्यालयातला अभियंता, ही माहिती त्याच्या पत्नीला येथे सहज मिळू शकते. हीच माहिती महाराष्ट्रात देणे मात्र गुन्हा आहे. दोन देशांतील हा फरक नवख्या दांपत्यांना चमत्कारिक वाटतो. तो का पडला, हे समजण्यासाठी महाराष्ट्राचा गेल्या चार दशकांचा इतिहास ठाऊक असणे आवश्यक आहे.

संज्ञांतील भेद

‘स्त्री-अर्भकहत्या’ म्हणजे जन्मलेल्या मुलीचा जीव घेणे. ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांनी १७८९ मध्ये बनारस परिसरात आणि १८०७-०८ च्या सुमारास काठियावाडात काही राजपूत घराण्यांतील या प्रथेची नोंद केली. पुढे १८७० मध्ये तिच्याविरुद्ध कायदा झाला. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात काढलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहाचा उल्लेख अनेकदा याच संदर्भात केला जातो. परंतु ते गृह गरोदर राहिलेल्या विधवांसाठी होते. तेथे प्रश्न लोकलज्जेचा होता, अर्भकाच्या लिंगाचा नव्हे.

‘गर्भलिंगनिवड’ ही त्यामानाने आधुनिक गोष्ट आहे. चाचणीने गर्भाचे लिंग जाणून, मुलगी असल्यास गर्भपात करणे किंवा गर्भधारणेपूर्वीच मुलग्याची निवड करणे, असे तिचे स्वरूप असते. ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द रूढ असला, तरी स्त्रीचळवळीतील अनेक कार्यकर्त्या तो टाळतात. भारतात १९७१ पासून गर्भपात ठरावीक अटींवर कायदेशीर आहे. ‘हत्या’ या शब्दामुळे प्रत्येक गर्भपात संशयास्पद ठरतो आणि गरजू स्त्रीची अडवणूक होते, हा त्यांचा आक्षेप आहे. गुन्हा आहे तो लिंग पाहून केलेली निवड हा.

आकडे काय सांगतात

निसर्गतः दर १००० मुलग्यांमागे साधारण ९५० मुली जन्मतात. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटातील हे प्रमाण १९९१ मध्ये ९४६ होते. २००१ मध्ये ते ९१३ आणि २०११ च्या जनगणनेत ८९४ झाले.

जिल्हावार आकडे अधिक बोलके आहेत. २००१ मध्ये कोल्हापुरात हे प्रमाण ८३९, तर सांगलीत ८५१ होते. हे ऊस, दूध आणि सहकाराचे समृद्ध जिल्हे. २०११ मध्ये राज्यात सर्वांत खाली बीड होते, ८०७ वर. त्याच वर्षी आदिवासीबहुल गडचिरोलीत मात्र प्रमाण ९६१ होते. म्हणजे शिक्षण आणि पैसा यांनी ही प्रवृत्ती आपोआप ओसरत नाही. उलट, चाचणीपर्यंत पोहोचण्याचे साधन त्यांतून मिळते. बीडसारख्या दुष्काळी, ऊसतोड कामगारांच्या जिल्ह्यातही सोनोग्राफी यंत्र तालुक्याच्या गावी पोहोचले, तेव्हा तेथील प्रमाण दहा वर्षांत ८९४ वरून ८०७ वर आले.

जन्मलेल्या मुलीच्या वाट्याला आलेली उपेक्षा नावांतही दिसते. सातारा जिल्ह्यात ‘नकुशी’ नावाच्या २८० हून अधिक मुलींना ऑक्टोबर २०११ मध्ये जाहीर समारंभात नवी नावे देण्यात आली.

चळवळ आणि कायदा

गर्भजलपरीक्षा भारतात आली ती गर्भातील व्यंग शोधण्यासाठी. तिचा दुरुपयोग होऊ लागल्यावर १९७८ मध्ये केंद्राने सरकारी रुग्णालयांत लिंगनिदानास बंदी केली. खासगी दवाखाने मोकळेच राहिले. डॉ. संजीव कुलकर्णी यांनी १९८६ मध्ये मुंबईतील ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली, तेव्हा ४२ जण लिंगनिदानासाठी ही परीक्षा करत असल्याचे आढळले. स्त्रीसंघटना, डॉक्टर आणि विज्ञान कार्यकर्ते यांच्या मुंबईतील मंचाने लढा दिला आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातील पहिला प्रतिबंधक कायदा केला.

केंद्रीय कायदा १९९४ मध्ये झाला व १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. त्याची अंमलबजावणी होत नसल्याबद्दल ‘सेहत’, पुण्याची ‘मासूम’ आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. त्यानंतर २००३ पासून सुधारित कायद्यात गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही आली. तोच आजचा पीसीपीएनडीटी कायदा.

वाचकांनी त्यातील पुढील तरतुदी लक्षात ठेवाव्यात :

• गर्भाचे लिंग शब्दाने, खुणेने वा अन्य कोणत्याही प्रकारे सांगणे गुन्हा आहे.
• गरोदर स्त्रीच्या प्रत्येक सोनोग्राफीसाठी ‘फॉर्म एफ’ भरावा लागतो. लिंग जाणून घ्यायचे नाही, असे तीही लिहून देते.
• लिंगनिवडीसाठी मदत मागणाऱ्यास प्रथम गुन्ह्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद व ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.
• उलट सिद्ध होईपर्यंत, पती किंवा नातेवाइकांच्या दबावामुळेच स्त्रीने चाचणी करून घेतली, असे न्यायालय गृहीत धरते.

शेवटची तरतूद विशेष महत्त्वाची. निर्णय कोणाचा असतो, हे कायदा करणाऱ्यांनी नीट ओळखले होते.

अंमलबजावणी

कोल्हापूरचे तत्कालीन जिल्हाधिकारी व लेखक लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांना तपासणीची नोंद ठेवणारे ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ उपकरण जोडण्याची मोहीम राबवली; मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ती वैध ठरवली. सातारच्या अॅड. वर्षा देशपांडे यांच्या ‘दलित महिला विकास मंडळा’च्या ‘लेक लाडकी’ अभियानाने बनावट ग्राहक पाठवून अनेक केंद्रे उघडी पाडली.

तरीही २०१२ मध्ये बीडमधील परळीत अशाच गर्भपातात एका विवाहितेचा मृत्यू झाला. २०१९ मध्ये डॉक्टर दांपत्यासह मृत स्त्रीच्या पतीलाही दहा वर्षांची शिक्षा झाली. मार्च २०१७ मध्ये सांगलीतील म्हैसाळ येथे, पुन्हा एका स्त्रीच्या मृत्यूनंतर, पुरलेले १९ भ्रूण सापडले. मुलगी नको म्हणताना बळी गेला तो त्या मुलीच्या आईचाही.

परदेशातील प्रश्न

देश बदलला की ही ओढ सुटते, असे नाही. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात, आधीच्या दोन मुली असलेल्या भारतात जन्मलेल्या मातांच्या तिसऱ्या बाळंतपणांत दर १०० मुलींमागे १९६ मुलगे जन्मल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. अमेरिकेच्या २००० च्या जनगणनेतही भारतीय, चिनी व कोरियन कुटुंबांत, दोन मुलींनंतर, असाच कल आढळला होता. ‘पहिली बेटी धनाची पेटी’ ही आपली म्हणही पहिलीपुरतीच आहे, हे येथे आठवावे.

अमिरातीत गर्भपातास मोजक्याच कारणांसाठी परवानगी असून गर्भाचे लिंग हे त्यांपैकी नाही. त्यामुळे येथे लिंग कळल्यावर ‘सुट्टीवर या, मग बघू’ असा सल्ला गावाकडून आला, तर तो गुन्ह्याचाच सल्ला ठरतो. कारण भारतातही लिंग हे गर्भपाताचे कायदेशीर कारण नाही. रक्ताच्या नमुन्यावरून दहाव्या आठवड्याच्या सुमारास करता येणाऱ्या नव्या चाचण्यांमुळे हे दडपण आता आणखी लवकर सुरू होऊ शकते. सोनोग्राफीनंतर सासरहून विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाला बाळाची प्रकृती सोडून दुसरे काही न सांगण्याचा अधिकार दांपत्याला आहे. त्याहून अधिक, ते उत्तर पतीने स्वतः देण्याची गरज आहे.

मुळाशी काय आहे

वंशाचा दिवा, म्हातारपणची काठी आणि अंत्यसंस्काराचा अधिकारी या तीन भूमिका मुलग्याला दिल्या गेल्या. हुंडा आणि ‘परक्याचे धन’ मुलीच्या वाट्याला आले. कायद्याने ही मांडणी केव्हाच बदलली आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये, तर केंद्राने २००५ मध्ये दिला; सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो निःसंदिग्ध केला. तरीही बहिणींकडून हक्कसोडपत्र घेण्याची पद्धत चालूच आहे.

अनिवासी मराठी माणसाचा संबंध येतो तो बहुधा येथेच. गावची जमीन वाटायची वेळ आली की बहिणीच्या सहीचा कागद त्याच्याच नावाने तयार होतो. सोनोग्राफी केंद्रांवर सरकार लक्ष ठेवू शकते. घरातील मुलीचे मोल मात्र अशा कागदांवर ठरते, आणि तो कागद नाकारणे भावाच्या हाती आहे.